सातमाळा म्हणजे ज्वालामुखींची रांग नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा रांगेतल्या गडांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. त्यांखाली हमखास एक ओळ असते, 'हे सगळे डोंगर म्हणजे थंड झालेले ज्वालामुखी'. आता ट्रेकच्या जाहिरातींतही तेच वाचायला मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा बहुतांशी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरला. एक थर थिजला की त्यावर दुसरा, असे पठार रचत गेले. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कापून काढले. कापायचे राहिले ते आज अचला, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या म्हणून उभे आहे. यातल्या एकाच्याही माथ्यावर ज्वालामुखीचे तोंड शोधू नये. कड्यांवरचे आडवे पट्टे बघावेत. समोरासमोरच्या दोन डोंगरांवर ते बऱ्याचदा एकाच उंचीला जुळतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेकुठे लाल, भुसभुशीत थर लागतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात खडकाची झीज होऊन झालेली ही माती.

धोडप मात्र वेगळा. हट्टी गावातून वर पाहिले की माथ्याला चिकटलेली कातळभिंत आणि तिच्यातली ती चौकोनी खाच नजरेत भरते. भेगेत शिरलेला लाव्हा तिथेच थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला आणि ही टणक भिंत, म्हणजे डाइक, उघडी पडली. लाव्हा वर येण्याची वाट कशी असते ते दाखवायला जिल्ह्यात याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. सगळे तिथे फोटो काढतात, हे कुणी सांगत नाही!

याच रांगेवर पाण्याचीही वाटणी होते. उत्तर उतारावरचा पाऊस गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेकडचा कादवेतून गोदावरीला, म्हणजे थेट बंगालच्या उपसागराला. कळवण आणि दिंडोरीतल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, पण नाशिक शहरातल्या शाळकरी मुलांना विचारून बघा.

हट्टीत गडाची वाट सुरू होते तिथे एक फलक खडकांविषयीही लागावा. आपल्या रविवार पुरवणीत भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडून एकेका डोंगरावर लेख लिहून घेता आले तर फारच उत्तम. सुरुवात धोडपपासून करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक