कमी मात्रेची चाचणी सरकारनेच करावी

महोदय,

कर्करोगावरील इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार, परवडत नाहीत, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. मात्रा एवढी का, हे मात्र कोणी विचारत नाही. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या केमोथेरपीला दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली. वर्षभरानंतर नुसती केमोथेरपी घेणाऱ्यांपैकी १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर ही जोड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के!

जुन्या केमोथेरपीत सोसेल तेवढे औषध द्यायची रीत होती. निव्होलुमॅब प्रतिकारशक्तीच्या पेशींवरील ठरावीक रिसेप्टरना (औषध चिकटण्याच्या जागांना) चिकटते; ते भरले की जादा औषधाचा फारसा उपयोग नाही. सोटोरासिब या फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषधाला २०२१ मध्ये ९६० मिलिग्रॅमची मंजुरी देताना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही २४० मिलिग्रॅमशी तुलना करायला लावली. कारखान्यातल्या सिलिका धुळीची मर्यादा ठरवताना किती धुळीने किती अपाय, हे पाहतातच. औषधाच्या गुणालाही तोच हिशोब लावावा.

अर्थात, टाटाची तुलना निव्होलुमॅब न मिळालेल्या रुग्णांशी होती, पूर्ण मात्रेशी नव्हे. ती समोरासमोरची चाचणी व्हायला हवी. खप कमी करणाऱ्या चाचणीला कंपनी पैसे कशाला देईल? तेव्हा आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने त्यासाठी निधी द्यावा.

– एक वाचक, ठाणे