सुलभाताई, त्या दहा सेकंदांसाठी

आदरणीय सुलभाताई देशपांडे,

तुम्ही ४ जून २०१६ ला गेलात. हे पत्र त्याआधीच लिहायला हवं होतं. तुमच्या 'आविष्कार' नाट्यसंस्थेच्या पत्त्यावर पाठवायचं असं कितीदा तरी ठरवलं. पण वह्यांचा गठ्ठा तपासायचा राहिला की त्यापुढचं सगळंच राहतं, हे तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही छबिलदास शाळेत शिकवत होतात.

मी मराठी शिकवते आणि शाळा सुटल्यावर हौशी नाटकं करते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळानं राज्य नाट्य स्पर्धेसाठी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्यायचं ठरवलं आणि त्यातली, लुटुपुटीच्या खटल्यात आरोपी होणारी शिक्षिका बेणारे माझ्या वाट्याला आली. स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा एका वरिष्ठांनी चहा ढवळता ढवळता विचारलं, "लग्नाशिवाय दिवस गेलेल्या बाईचं काम? आणि तेही शिक्षिकेचं? पालक काय म्हणतील?" म्हणजे खटला आमच्याकडे तालमीआधीच उभा राहिला होता. मी हसून वेळ मारून नेली, पण घरी जाऊन संहिता दोन दिवस उघडली नाही.

खरी अडचण पुढे आली. शेवटचं स्वगत. तालमीत पहिल्या ओळीलाच माझा गळा दाटायचा, चौथ्या ओळीला डोळे वाहायला लागायचे आणि मंडळातली माणसं "काय काम करतेस!" म्हणत रुमाल काढायची. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? फक्त आमचे दिग्दर्शक गप्प बसायचे. एकदा एवढंच म्हणाले, "तुझी दया येते. बेणारेची येत नाही." आणि सत्यदेव दुब्यांनी याच नाटकावर केलेला १९७१ चा चित्रपट बघ म्हणाले.

चित्रपट मला तितकासा आवडला नाही, हे तुमच्यापाशी कबूल करते. ते नाटक बंद खोलीत, समोर माणसं बसलेली असतानाच अंगावर येतं. पण तुमची बेणारे बोलायला लागली आणि मी ताठ बसले. असं तर मी सातवी 'ब' मध्ये बोलते! शब्द नीट सुटा करून, मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. आतून काहीतरी तुटत असतानाही बाईंचा आवाज सुटत नाही. घरी काहीही घडलेलं असो, साडेसातची घंटा झाली की हजेरी घ्यावीच लागते. तो आवाज मला ओळखीचा होता. तोवर मी बेणारेला बिचारी समजत होते. ती शाळेतली बाई आहे हेच विसरले होते, आणि ते मी विसरावं!

मग संहिता पुन्हा काढली. खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर आरोपीला बाजू मांडायला दहा सेकंद देतात. बेणारे गप्पच राहते. ते सगळं लांबलचक स्वगत त्या गप्प राहण्याच्या पोटातलं आहे. कोर्टातल्या एकालाही ते ऐकू गेलेलं नसतं. ऐकायला कुणीच नाही, तर गयावया कुणापुढे करायची? मूळ लेखनात ते स्वगत नव्हतं, तालमी चालू असताना नाटकाचे दिग्दर्शक आणि तुमचे यजमान अरविंदरावांनी हट्टानं तेंडुलकरांकडून लिहून घेतलं, असं नाटकवाल्यांकडून ऐकलंय. त्या हट्टाचेही आभार. १९६७ साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर ते पहिल्यांदा बोलताना तुमच्यापुढे बघायला कुठली चित्रफीत नव्हती, हे लक्षात आलं की मला माझ्या रडण्याची लाज वाटते.

प्रयोगात मी रडले नाही. बक्षीस नाही मिळालं. शेवटचा प्रकाश उशिरा पडला आणि अर्धी वाक्यं मी अंधारात म्हटली. पण दुसऱ्या दिवशी त्याच वरिष्ठांनी, चहा न ढवळता, "बरं झालं काम" म्हटलं. तेवढं पुरे.

माझ्या वर्गातली मुलं तुम्हाला 'इंग्लिश विंग्लिश'मधली आजी म्हणून ओळखतात. त्यांच्या आयांना 'चौकट राजा'तली नंदूची आई आठवते. 'भूमिका'मधली स्मिता पाटीलची आई तुम्हीच, हे सांगितलं तर दोघांनाही पटत नाही. वर्तमानपत्रं तुम्हाला 'चरित्र अभिनेत्री' म्हणायची. मला तो शब्द कधीच पटला नाही. मुख्य भूमिका आणि बाकीच्या, अशी रांग लावून मग उरलेल्यांना दिलेलं नाव वाटतं ते. तुम्ही दोन मिनिटांसाठी पडद्यावर आलात तरी त्या बाईला मागे एक घर आहे, तिथे काहीतरी चुलीवर ठेवून ती आली आहे, असं वाटायचं.

आणि मुलांची नाटकं! १९७१ मध्ये तुम्ही, अरविंदराव आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढलं, १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली, हे सगळं लिहिलं जातं. त्या मानानं 'आविष्कार'च्या बालनाट्य विभागाबद्दल, 'चंद्रशाळे'बद्दल, कमी लिहितात. 'दुर्गा झाली गौरी'साठी एवढी पोरं एका रंगमंचावर नाचवायची म्हणजे काय, ते स्नेहसंमेलनात तीस पोरं सांभाळणाऱ्या मला विचारा. एकाला शू लागली की तिसांनाही लागते.

आमच्या नाटकातलं सामान नंतर ज्यानं त्यानं घरी नेलं. सामंत बेणारेच्या शेजारी ठेवतो तो हिरवा कापडी पोपट मात्र माझ्याकडे राहिला. तो आता वर्गातल्या कपाटात, खडूंच्या खोक्याशेजारी असतो. संमेलनाच्या तालमीत तो कधी राजाचा पोपट होतो, कधी जंगलातला. परवा ओढाओढीत त्याचा पंख उसवला. हिरवा दोरा सापडला नाही, म्हणून निळ्यानं शिवला. ज्या मुलीनं तो फाडला, तिला यंदा सूत्रधाराचं काम दिलंय. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.

तुमची,
सातवी 'ब' च्या बाई