बाबांच्या दाढेचं ठरलंय

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, दाढेच्या रिकाम्या जागी काय बसवायचं ते मी ठरवून टाकलंय. फोनवर तुम्ही 'बघू' म्हणता आणि आईकडे देता, म्हणून लिहितेय. इम्प्लांट नाही, काढता-घालता दातही नाही. ब्रिज बसवायचा, एम.वाय. हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात. येत्या सोमवारी.

पैशांकडे बघून ठरवलं असं समजू नका. (थोडं बघितलंच. सवय तुमचीच.) खासगीत एका इम्प्लांटला पंचवीस-तीस हजारांपासून पुढे लागतात, तेही दिले असते. पण त्यात हाडात स्क्रू बसवतात, तो रुजायला तीन ते सहा महिने, आणि साखर चढलेली असली की जखम भरायला आणखी वेळ. तुमचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, साडेआठ आहे; चढलेलीच. रागावू नका, रिपोर्ट मी नाही लिहिला. ब्रिजचा मोठा तोटा म्हणजे शेजारचे दोन धडधाकट दात कोरावे लागतात. तुमच्या त्या दोघांपैकी एकाचं रूट कॅनॉल झालंय, दुसऱ्यात निम्मी चांदीच भरलेली. कॅप त्यांना आज ना उद्या लागणारच होती; त्याच दोन कॅपांच्या आधारानं मधली दाढ बसेल. काढता-घालता दात सगळ्यांत स्वस्त, पण तो रोज रात्री काढून पाण्यात ठेवायचा. तुमचा चष्मा दिवसातून कितीदा हरवतो ते आईला विचारा.

'आता या वयात कशाला' नको. जागा रिकामी राहिली की बाजूचे दात तिकडे कलतात, वरची दाढ खाली उतरते. शिवाय आई सांगते, पोह्यांवरची शेव तुम्ही गुपचूप तिच्या बशीत सरकवता. इंदूरचा माणूस आणि शेवेविना पोहे! मला इथे पुण्यात घास उतरत नाही.

शिकाऊ पोरं हात लावणार, हे तुम्हाला रुचणार नाही. पण ती बीडीएस होऊन पुढचं शिकणारी आहेत, आणि टप्प्याटप्प्याला त्यांचे सर येऊन बघतात. एक-दोन खेपा जास्त पडतील, एवढंच. मामाचा मुलगा गाडी घेऊन येईल, टेम्पोत चढायचं नाही.

माझे पुढचे दोन दात पडले होते त्या संक्रांतीला गच्चीवर तुम्ही दातांनी ऊस सोलून मला बारीक गंडेऱ्या करून देत होतात. ताई म्हणाली, 'हिलाच का?' तर तुम्ही म्हणालात, 'हिला दात नाहीत.' सोमवारी मी तिथे नसेन, हे मला फार लागतंय बाबा. ब्रिज पक्का बसवायच्या दिवशी नक्की येते.

आता ऐका. उपाशी जायचं नाही. नाश्ता आणि साखरेची गोळी वेळेवर. रक्त पातळ ठेवायची गोळी, एकोस्प्रिन, चालू आहे हे डॉक्टरांना सांगायचं, स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. ओठ बधिर असेपर्यंत काही खायचं नाही, गाल चावला जातो. तात्पुरती कॅप असेपर्यंत चिक्की, गजक, गराडू बंद. आई, भुट्ट्याचा कीस कर, मऊ असतो आणि त्यांना आवडतोही. ब्रिजखाली अन्न अडकतं, त्यासाठी बारीक ब्रश कुरिअरनं पाठवलाय. रोज रात्री वापरतात की नाही ते तू उभं राहून बघायचं.

आणि एक्स-रेची फाइल तुझ्याच पिशवीत ठेव. त्यांच्या हातात देऊ नकोस.

तुमची,
धाकटी