विषय: दुसरा ड्राइव्ह आणि आमच्या घरात न राहणारे रूट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी झालेला चौथा फोन आत्ता ठेवला. डोकं थंड झाल्यावर लिही असं घरचे म्हणतायत. डोकं थंड झालं की मी सगळं विसरते, आणि तुम्हाला तेच हवं असतं, म्हणून लगेच लिहिते आहे.

कॉम्प्युटर तुमचा, लिनक्स तुम्हीच घालून दिलेलं, ४ टीबीचा दुसरा ड्राइव्हही तुमच्याच कारखान्यात बसलेला. सोबतच्या कागदावर 'वापरासाठी सज्ज' असं ठळक छापलंय. ड्राइव्ह दिसतो, हाताने माउंट होतो म्हणजे एका फोल्डरला जोडलाही जातो, फक्त त्यात साधा एक फोल्डर करायला गेलं की 'परवानगी नाकारली'. कारण तुम्हाला सांगायला नकोच. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमने ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट केला की त्याची मालकी रूटकडे, म्हणजे ॲडमिनच्या खात्याकडे जाते, आणि ती वापरणाऱ्याच्या नावावर करून द्यायचं तुमच्याकडून राहिलं. एका ओळीची कमांड.

पहिल्या फोनवर 'रीस्टार्ट करा' सांगितलं. केलं. पुढे.

दुसऱ्या फोनवर ड्राइव्ह अनमाउंट करून तो जिथे जोडतात त्या रिकाम्या फोल्डरला ७७७ परवानगी द्यायला लावलं. ७७७ म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा, हे मला पटलं नव्हतंच, तरी केलं. परत माउंट केल्यावर परवानग्या होत्या तशाच! होणारच ना. ड्राइव्ह माउंट झाला की खालचा फोल्डर झाकला जातो आणि ड्राइव्हच्या स्वतःच्या परवानग्या लागू होतात. आधी माउंट, मग मालकी. हे मला माहीत असावं आणि तुमच्या तज्ज्ञाला नसावं?

तिसऱ्या फोनवर 'कायमचा उपाय' म्हणून एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे त्या यादीत, /डेव्ह/एसडीबी१ या ड्राइव्हच्या नावाची ओळ घालून घेतली. दुसऱ्या दिवशी कार्ड रीडर जोडलेला होता. तो झाला एसडीबी, ड्राइव्ह सरकून एसडीसी. ही नावं दर वेळी तीच राहतील याची खात्री नसते, म्हणून तर यूयूआयडी, म्हणजे ड्राइव्हचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. समोर काळा पडदा, त्यावर लाल चांदण्या इकडून तिकडे पळतायत, शेजारी सेकंद मोजले जातायत, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत. मग इमर्जन्सी मोड. आणि खाली एक ओळ: रूट खात्याला कुलूप आहे, कन्सोल उघडता येत नाही.

ही ओळ मी चौथ्या फोनवर शब्दशः वाचून दाखवली. त्यानंतर जे घडलं ते तसंच्या तसं देते. संभाषण रेकॉर्ड होतं असं तुम्हीच सांगता, तेव्हा पडताळून पाहा.

"मॅडम, म्हणजे मशीन रूट यांच्या नावावर आहे का?"

मला वाटलं गंमत करतोय. म्हटलं, "अहो, रूट म्हणजे ॲडमिनचं खातं."

"बरोबर मॅडम. मग सर घरी आहेत का? पासवर्ड त्यांच्याकडे असेल."

"कोण सर?"

"रूट सर."

मी म्हटलं, या नावाचं कोणी आमच्याकडे राहत नाही. त्यावर ११ मिनिटं होल्डवर तीच ती धून. परत आल्यावर, अगदी गोड आवाजात: "सॉरी मॅडम, ज्यांच्या नावावर मशीन आहे त्यांनीच फोन करावा लागेल. गोपनीयतेचं धोरण आहे."

बिल माझ्या नावावर आहे. वॉरंटी माझ्या नावावर आहे. पण 'सर' घरी नाहीत म्हणून मला माझ्याच मशीनची माहिती मिळणार नाही.

शेवटी मी मैत्रिणीकडच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, एफएसटॅबमधली तुमची ओळ काढून तिथे यूयूआयडी आणि नोफेल (ड्राइव्ह सापडला नाही तरी मशीन सुरू होऊ दे) घातलं, रीस्टार्ट झाल्यावर माउंट झालेल्या ड्राइव्हची मालकी माझ्या नावावर केली. २० मिनिटं लागली. रूट सरांची गरज पडली नाही.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. 'तज्ज्ञ साहाय्य' म्हणून घेतलेले पैसे परत करा, कारण तज्ज्ञ कुठे भेटलेच नाहीत. कारखान्यातून निघतानाच ड्राइव्ह यूयूआयडीने जोडून, मालकी ग्राहकाला देऊन पाठवा, नाहीतर 'वापरासाठी सज्ज' हे शब्द खोडा. आणि सर घरी आहेत का, हा प्रश्न तुमच्या माणसांच्या तोंडून परत कुठल्याही बाईला ऐकू येऊ नये. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर हेच पत्र ग्राहक न्यायालयात जाईल, होल्डवरच्या ११ मिनिटांसकट.

वाईट याचं वाटतं की तुमचं जुनं मशीन माझ्याकडे अजून चालतंय. पंखा खडखडतो, पण बाकी तक्रार नाही. त्याच विश्वासावर हे घेतलं, ऑफिसात दोघांना घ्यायलाही लावलं. आता त्यांचे फोन मला येतात, आणि मी निदान उचलते तरी.

आपली,
मशीनची मालकीण

ता. क. हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला. 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे.' तक्रारदाराचं नाव: श्री. रूट.