दुसरीच्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहायचं नाही आणि शाळेचंही नाही, ही तुमची अट. ती पाळते आहे. पर्वतीच्या बाजूला महापालिकेच्या मराठी शाळांत दुसरीला शिकवणाऱ्या बाई पुष्कळ असतील. त्यांतल्या एकीला हे पत्र आपल्याला आहे हे लगेच कळेल. बाकीच्यांनी वाचलं तरी काही बिघडत नाही.

मुलं ऐकलेली संख्या पाटीवर कशी लिहितात, यावरचा माझा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प जमा झाला. त्यातल्या आभाराच्या पानावर तुम्ही 'शाळेतील शिक्षकवर्ग' एवढ्याच आहात, कारण शाळेची ओळख कुठेही उघड होणार नाही असं आम्ही संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीला लिहून दिलं होतं. त्या दोन शब्दांत माझं समाधान झालेलं नाही.

पहिल्या भेटीत तुम्ही विचारलं होतंत, "कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे काय गं? मेंदूची डॉक्टर होणार का तू?" तेव्हा मी बरंच लांबलचक काहीतरी सांगितलं. आज थोडक्यात सांगते. माणूस ऐकतो, लक्षात ठेवतो, ठरवतो, तेव्हा आत कुठली कामं कुठल्या क्रमाने होतात ते शोधायचं. त्यासाठी मानसशास्त्र लागतं, भाषाशास्त्र, कॉम्प्युटर, मेंदूविज्ञान, थोडं तत्त्वज्ञानही लागतं. माझ्या कॉलेजात या नावाची पदवी नाही. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. भाषेवरचं व्याख्यान असलं की येरवड्याला डेक्कन कॉलेजात जायचं, मेंदूवरचं असलं की पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत. मी कॉलेजपेक्षा पीएमटीच्या बसमध्ये जास्त शिकले, असं आई म्हणते.

प्रश्न तुम्हाला माहीत होताच, माझ्याआधी कितीतरी वर्षं. 'सत्तेचाळीस' म्हटलं की कानावर आधी सात पडतो आणि लिहायचा असतो आधी चार. जर्मनमध्येही असंच आहे, आणि तिकडच्या मुलांच्या चुकांमध्ये अंकांची अदलाबदल ठळकपणे दिसते, हे मी पेपरांत वाचलं होतं. मराठीत त्यावर एकोणची भर. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्यांत पुढच्या दशकाचं नाव घेऊन एक वजा करायचा, आणि मुलाला ती सवय लागते न लागते तोच नव्व्याण्णव वेगळ्याच वाटेने जातो.

२०१९ साली सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसला 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनपद्धत दिली, तेव्हा मी शाळेत होते. आमच्या घरी चहाच्या वेळी त्यावर मनसोक्त हसून झालं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी भरलेले हे शब्द लहान मुलांना जड जातात, हे त्या शांतपणे सांगत होत्या. तेव्हा मी ऐकलेल्या एकाही चर्चेत दुसरीचा वर्ग रोज सांभाळणारं कुणी नव्हतं. तुम्हाला विचारलं तर तुमचं उत्तर दोन वाक्यांत आटोपलं, "मंडईत चाळीस सात रुपये कोण म्हणणार? पण पहिल्यांदा कळायला चाळीस सात सोपं, म्हणून मी दोन्ही सांगते."

माझा आराखडा लॅपटॉपचा होता. मुलाने हेडफोनवर संख्या ऐकायची, अंक दाबायचे, मशीन उत्तर आणि वेळ टिपणार. तुम्ही लॅपटॉप बघितलात, नावं ठेवली नाहीत. "हे राहू दे. आधी चार पोरांना पाटी देऊन बघ. आणि काय लिहिलं ते नंतर बघ, हात बघ."

मग मागच्या बाकावर बसून मी हात बघितले. एका मुलाने 'सत्तेचाळीस' ऐकलं, पाटीवर जरा उजवीकडे ७ काढला, डावीकडे जागा सोडली आणि तिथे ४ भरला. शेजारची मुलगी ओठ हलवत थांबली, मग ४, मग ७. तिसरा पुटपुटला "फोर्टी सेव्हन" आणि भराभर लिहून मोकळा. तिन्ही पाट्यांवर ४७. माझ्या एक्सेलमध्ये तिघांच्याही समोर 'बरोबर' एवढंच पडलं असतं, आणि मला जे शोधायचं होतं ते सगळं त्या एका शब्दाखाली गडप झालं असतं.

आधी ७ लिहिणाऱ्याबद्दल तुम्ही म्हणालात, "विसरायच्या आत लिहून टाकतो तो." बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरीची जी मांडणी केली, ती आम्ही अख्खं सत्र शिकलो होतो. काम चालू असताना माहिती जरा वेळ धरून ठेवणारी ही जागा फार लहान असते. तो मुलगा सात डोक्यात धरून ठेवण्याऐवजी पाटीवर उतरवून ठेवत होता. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले मार्क आहेत. पण ती स्मृती काम करताना मी पहिल्यांदा तुमच्या वर्गात बघितली.

गाईड मॅडमना सांगितलं तर त्यांनी आराखडाच बदलायला लावला. पाटीवर वरून मोबाईल, फक्त हात दिसतील असा. कुठला अंक आधी, आणि पेन्सिल टेकायला किती वेळ, हे मोजायचं. म्हणजे नीतिसमितीकडे पुन्हा अर्ज आणि पालकांना पुन्हा पत्र. 'प्रस्तुत संशोधनातील आपल्या पाल्याचा सहभाग ऐच्छिक आहे' हे माझं वाक्य खोडून तुम्ही लिहिलंत, 'तुमचं मूल नाही म्हणालं तरी चालेल. त्याचे मार्क कमी होणार नाहीत.' समितीला तुमचंच वाक्य आवडलं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाची स्वतःची तोंडी संमतीही लागते. माझ्यासाठी ती फॉर्मवरची एक चौकट होती. एक मुलगी "नको" म्हणाली, तेव्हा मी तिला समजवायला निघाले होते. तुम्ही मला थांबवलंत आणि तिला फळा पुसायचं काम दिलंत, म्हणजे बाकीची मुलं माझ्याकडे येत असताना ती एकटी पडू नये.

आणखी एक रकाना तुमच्यामुळे वाढला. "घरी काय बोलतात ते विचारलंस का?" वर्गात कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी मुलं होती. त्यांच्या घरी ४७ ला 'नलवत्तेळु' म्हणतात, म्हणजे आधी चाळीस, मग सात. उत्तर प्रदेशातल्या मुलांचा 'सैंतालीस' मात्र मराठीसारखाच, सात आधी. हजेरीपटावरच्या नावांवरून मला यातलं काही कळलं नसतं.

निष्कर्षांबद्दल फुशारकी मारण्यासारखं नाही. मुलं थोडी, शाळा एक. मॅडमनी लाल पेनाने 'दावा लहान ठेव' असं लिहिलं, आणि मी ठेवला. एवढं मात्र दिसलं की एरवी ऐकल्याबरोबर एकक टेकवणारे हातही एकोणपन्नासला थांबायचे. 'एकोण' ऐकून लिहायला अंकच मिळत नाही ना! आणि बऱ्याच पाट्यांवर मग ५९ यायचे. पन्नास ऐकू आलं, नऊ माहीत आहे, झालं. हे सांगितलं तर तुम्ही नुसत्या हसलात.

पालकसभेसाठी तुम्ही मागितलेलं एक पान सोबत जोडलं आहे. त्यात कुणाच्याही मुलाचा वेगळा उल्लेख नाही. 'वर्किंग मेमरी' हा शब्द दोनदा आला आहे, तिथे तुमचा खोडरबर चालवा. आणि एक विनंती. हीच मुलं तिसरीत गेल्यावर पुन्हा बघायची इच्छा आहे, मॅडम तयार आहेत. नवीन संमतीपत्रं मी आणते, मुख्याध्यापकांना अर्जही देते. तिसरीच्या सरांच्या कानावर तेवढं आधी घालून ठेवाल का? तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील.

आपली नम्र,
मुलांची पाटीवाली ताई