कलम बघून माणूस ठरवला जातो

संपादक साहेब, नमस्कार.

तुरुंगातल्या गर्दीबद्दल परवा तुमच्याकडे छापून आलं की जे हिंसक नाहीत त्यांना सोडा, जागा आपोआप होईल. मनात आलं, सोडा ना, पण हिंसक कोण हे बघणार कोण? मी एका वकिलांकडे कारकून आहे, कुर्ला कोर्टात रोजचं जाणं-येणं, आणि तिथे कुठल्याच कागदावर असा रकाना नाही. कागदावर असतं कलम, आणि कलमापुढे दोन गोष्टी, जामीनपात्र की नाही आणि जास्तीत जास्त शिक्षा किती. बस.

आता गंमत बघा. शेजाऱ्याने थोबाडीत मारली, नाकातून रक्त आलं, तर पोलीस एनसी (म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घरी पाठवतात. हात मोडला तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे पण गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्कच. आणि लोकलमध्ये कोणाचा पंधरा हजारांचा मोबाईल उचलला, कोणाला बोटही लावलं नाही, तर शिक्षा तीन वर्षं पण गुन्हा अजामीनपात्र! मग पोरगा आर्थर रोडच्या तुरुंगात, कारण कोर्टाने जामीन दिला तरी जामीनदार कुठून आणणार, रेशनकार्ड नाही, पगाराची स्लिप नाही, कॅश बेलचे, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख भरायचे पंधरा हजार तर सोडाच. त्याच पोराचा मोबाईलवाल्याने हात धरला आणि सुटायला त्याने धक्का मारला की चोरीची जबरी चोरी होते आणि शिक्षा एकदम दहा वर्षांपर्यंत. नाक्यावर दोन गटांत हाणामारी झाली तरी कधी कधी खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं (जुन्या भारतीय दंड संहितेत 307, आता नव्या न्याय संहितेत 109), आणि पुढे चार्जशीटला ते टिको न टिको, तोवर तो माणूस कागदावर खतरनाकच.

सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जामिनासाठी चार गट केले, त्यातही मुख्य रेघ सात वर्षांच्या शिक्षेची. 2020 ला कोरोनात कैदी सोडायला आपल्या राज्यात समिती बसली, तिने पण सात वर्षंच धरली आणि मोक्का (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद), एनडीपीएस (अमली पदार्थ), पीएमएलए (काळा पैसा) या खास कायद्यांवाले सरसकट वगळले. एनडीपीएस मध्ये मोठा सप्लायर पण येतो आणि दुसऱ्याची पुडी पोचवणारा व्यसनी पोरगा पण, दोघांनी कोणाला मारलंय का हा प्रश्नच नाही. शिक्षा झाल्यावरही तेच. 1959 च्या फर्लो-पॅरोलच्या, म्हणजे कैद्याला काही दिवस रजेवर सोडण्याच्या मूळ नियमात दंड संहितेचं कलम 392 ते 402 म्हणजे जबरी चोरी, दरोडावाल्यांना फर्लोच नव्हती, आणि खुनात जन्मठेप झालेल्याला मात्र मिळायची.

मी खुनवाल्याच्या विरोधात नाही बोलत हं, रागाच्या भरात एकदाच हात उचललेला माणूस नंतर कोणाला त्रास देत नाही असंही असतं. म्हणूनच हिंसक आणि अहिंसक असे दोन सरळ ढीग करायलाही माझा विरोध आहे, कारण ते ढीग पण शेवटी कलम बघूनच पडणार.

देशात 2022 च्या अखेरीला दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी होते, म्हणजे शिक्षा न झालेले, केस चालू असलेले. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, बीएनएसएसच्या कलम 479 मध्ये, आधी कधीच शिक्षा न झालेल्याने जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असं आहे, चांगलं आहे. पण एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर ते लागू नाही. म्हणजे मोबाईलच्या तीन केसेस अंगावर असलेला पोरगा राहिला आतच, आणि आम्ही कुठल्या तोंडाने त्याच्या आईला सांगायचं की तुमचा मुलगा किरकोळ गुन्ह्यात आहे?

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या रिमांडलाच, म्हणजे अटकेनंतर कोर्टापुढे पहिल्यांदा उभं करतानाच, पोलिसांनी लिहून द्यावं की जखम कोणाला आणि किती, हत्यार होतं का, आधी कोणाला मारल्याबद्दल शिक्षा झालीय का (नुसती केस नाही, शिक्षा), आणि जामिनाची रक्कम ठरवताना मॅजिस्ट्रेटने ते वाचावं. जेलमध्ये बराक ठरवतानाही तोच कागद पुढे जावा, नाहीतर मोबाईलवाला आणि गँगवाला शेजारी शेजारी झोपतात, ते काय शिकून बाहेर येतात हे आम्हाला पुढच्या तारखांना दिसतंच. तुमच्या पेपरने हे लावून धरलं तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, कुर्ला