राहणार कुठले?

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू तिसऱ्या वाक्याला मध्ये घुसला असतास, म्हणून लिहितोय. दिवाळीपासून पत्र नाही, त्याबद्दलच्या शिव्या राखून ठेव, भेटलो की एकदम घेईन. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे, गोळी तेवढी वाढली.

आता ऐक. यादी मागितलीय.

हो, तीच. रुग्णालयनिहाय मृत्युदर, उतरत्या क्रमाने, एका पानावर. शुक्रवारच्या बैठकीत साहेब म्हणाले, "एवढे आकडे गोळा करता, मग कुठलं हॉस्पिटल चांगलं आणि कुठलं वाईट, एवढं साधं सांगता येत नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तू आठवलास, कारण हेच वाक्य तू मला सात रस्त्यावर, रिक्षावाले बघत असताना, ओरडून ऐकवलं होतंस. त्यावरून अख्खा पावसाळा आपण बोललो नव्हतो आणि रेकॉर्ड रूमच्या मामांनी आपल्यात टपालाचं काम केलं होतं. तू तेव्हाही चुकला होतास. फक्त आता तुझी चूक मोठ्या खुर्चीवर बसलीय.

यादीत सगळ्यात वर कोण येणार, तुला माहीत आहे. जे कोणालाच 'बेड नाही' म्हणत नाही, ते. ग्रामीण रुग्णालयातून रेफर, खासगीत पैसे संपले की रेफर, आणि शेवटचे दोन तास सरकारी खाटेवर. मृत्यू त्या खाटेच्या नावावर. उलट ज्याला नातेवाईक डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून सुट्टी घेऊन, घरी नेतात आणि जो टेंभुर्णीच्या पुढे गाडीतच जातो, तो कुणाच्याच नावावर नाही. त्या हॉस्पिटलच्या वहीत तो 'डिस्चार्ज'. झालं, यादीत खाली, म्हणजे चांगलं!

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकाच्या 1863 च्या आवृत्तीतलं ते कोष्टक आठवतं? लंडनच्या 24 रुग्णालयांचा मृत्युदर 90.84 टक्के! आकडेवारीवाल्या विल्यम फारसाहेबांनी भागाकारात वरती अख्ख्या वर्षाचे मृत्यू घेतले आणि खाली 8 एप्रिल 1861 या एका दिवशी आत असलेले रुग्ण. तिथले डॉक्टर खवळले होते. तू हे पहिल्यांदा वाचलंस तेव्हा चहा माझ्या शर्टावर सांडला होतास. आता हस की. आपल्या यादीतही वरचा आकडा एकीकडचा आणि खालचा दुसरीकडचा.

खरं दुखणं 'रा.', म्हणजे 'राहणार', या रकान्यात आहे, हे मी तुला तेव्हापासून सांगतोय. अक्कलकोटकडचा, तुळजापूर-उमरग्याचा, तिकडे कर्नाटकातल्या इंडी-अफझलपूरचा माणूस येतो. खिडकीवर पत्ता विचारला की नातेवाईक शहरातल्या बहिणीचा सांगतात. क्लार्कला कन्नड येत नाही, मागे रांग, तो 'रा. सोलापूर' लिहून मोकळा. मग आपण हे सगळे शहराच्या 2011 च्या 9,51,558 लोकसंख्येने भागतो आणि शहर आजारी आहे म्हणून सांगतो. पंढरपूरचं तर विचारूच नकोस. आषाढात जालन्याची, नांदेडची म्हातारी माणसं तिथे दाखल होतात, काही तिथेच जातात. गावाचा रकाना रिकामा असेल तर त्या महिन्यात जिल्ह्यातला सगळ्यात रोगट तालुका पंढरपूर. विठोबालाच नोटीस काढा म्हणावं.

आणि हे जमत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण बार्शीत 1987 पासून जमतंय. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी आपल्या जिल्ह्यात, आणि ती जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबली नाही. बार्शीबरोबर परांडा आणि भूमही धरले. माणसं गावोगाव हिंडली, बायकांशी बोलली, आणि रुग्ण कुठेही उपचार घेवो, नोंद त्याच्या गावाच्या नावावर केली. नोंद करता करता जागृती झाली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कुठलं हॉस्पिटल पहिलं आणि कुठलं शेवटचं, हे त्यासाठी कुणाला लागलं नाही.

मृत्यूच्या कारणाचं रडगाणं गात नाही, तुला पाठ आहे. फॉर्म 4 वर, म्हणजे मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, पहिल्या ओळीत 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' (हृदय आणि श्वास थांबला), खाली सगळं कोरं. मामा म्हणतात, "मेला म्हणून मेला, असं लिहिलंय साहेब." 2023 च्या दुरुस्तीपासून त्या दाखल्याची प्रत नातेवाइकांना फुकट द्यावी लागते, तेव्हा घरचं कोणीतरी वाचून विचारेल अशी आशा आहे.

मला काय द्यायचंय ते सांगतो. अकरा तालुक्यांच्या अकरा ओळी. माळशिरसची माणसं कशाने दाखल झाली, कशाने गेली, मग ती कुठल्या का खाटेवर असेनात. करमाळ्यात साप चावलेला किती तासांनी पोचतो. मोहोळच्या नवजात बाळाला इथपर्यंत का आणावं लागलं. यावरून लस कुठे ठेवायची, गाडी कुठे उभी करायची हे तरी कळेल. साहेबांना दाखवलं. म्हणाले, "छान आहे, पण यात दोषी कोण?"

घोर वेगळाच आहे. मी नाही म्हटलं तर माझ्याच एक्सेलमधून दुसरा कोणीतरी दहा मिनिटांत यादी काढेल. आणि ती बाहेर गेली की खासगीवाले आकडे पाठवणं बंद करतील. तो आपला बाळंतपणाचा डॉक्टर, पाच तारखेला न चुकता हाताने लिहून पाठवणारा, कालच म्हणाला, "माझं नाव पेपरात आलं तर पुढच्या महिन्यापासून विसरा." खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोटीस काढता येईल, असं एकजण म्हणाला. येईल ना. पण नोटिशीनं आलेला आकडा नेहमी पाचाच्या पाढ्यातला असतो, हे तू आणि मी सोडून त्या खोलीत कोणाला माहीत आहे?

म्हणून मधला रस्ता काढलाय, आणि त्यावर तुझ्या शिव्या हव्यात. यादी द्यायची, पण रुग्णालयांच्या नावांऐवजी गट: रेफर घेणारी, रेफर करणारी, फक्त बाळंतपणाची. शेजारी 48 तासांच्या आतले मृत्यू वेगळे, डामा वेगळे, बाहेरून आलेले वेगळे. तळटीप कोणी वाचत नाही हे तुझं म्हणणं मान्य, म्हणून हे सगळं रकान्यांतच घालतोय. पान आडवं करावं लागेल. साहेबांना आडवं पान आवडत नाही, पण ते त्यांचं ते बघतील.

तुझं काय? वहिनींचं ऑपरेशन झालं का? छोटीच्या नीटचं कळव. बदलीचं मनावर घेऊ नकोस, नाशिकला पाणी तरी रोज येतं. आमच्याकडे उजनी भरलं काय नि आटलं काय, नळाचा दिवस ठरलेला.

आणि महत्त्वाचं. गावांची नावं आणि तालुका कोड लिहिलेली ती हिरवी वही तुझ्याकडे आहे. नाही म्हणू नकोस, मामांनी तुला नेताना पाहिलंय. एकाच नावाची गावं तू त्यात वेगवेगळी केली होतीस, ती यादी दुसऱ्या कुठे नाही. फोटो पाठवू नकोस, तुझे सगळे फोटो हललेले असतात. कुरिअर कर. गुरुवारच्या आत.

तुझा,
पंत

ता. क. शेंगा चटणी मेव्हण्याबरोबर पाठवलीय. डबा परत हवा.